मागे पडलेले इंडी-फोक आणि ड्रीम-पॉप बँड शोधायचे कसे?

तुम्ही विचारलंय की गाणी ऐकायचं ॲप दर वेळी तीच चार-पाच नावं पुढे करतं, मग ज्यांच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही असे बँड मिळवायचे कुठून, आणि सुरुवात कशाने करायची. आधी एका ओळीत: ड्रीम-पॉप म्हणजे गिटारच्या दाट, धूसर आवाजात गळा विरघळलेला, आणि इंडी-फोक म्हणजे साधी गिटार आणि शब्द पुढे. मी गोव्यात फोंड्याला राहतो. माझ्या आजूबाजूला हे संगीत ऐकणारं कुणी नव्हतं, त्यामुळे जे सापडलं ते बहुतेक एकाच वाटेने सापडलं. आवडलेल्या अल्बमवर कुणाकुणाची नावं आहेत ती वाचायची, आणि त्यातलं एक नाव धरून पुढे जायचं.

ॲप काय करतं, तर तुमच्यासारखी गाणी ऐकणारे लोक आणखी काय ऐकतात ते तुम्हाला दाखवतं. ज्या गाण्याला ऐकणारेच थोडे, ते तिथे वर येणार कसं? नावांच्या बाबतीत ही अडचण नाही. अल्बम खपला नाही तरी त्यावर गिटार कोणी वाजवली ते छापलेलं राहतंच. डिस्कॉग्ज या साइटवर हे सगळं नीट नोंदवलेलं असतं.

स्लोडाइव्हचं उदाहरण घ्या. इंग्लंडमधल्या रेडिंगचा हा बँड. १९९३ चा ‘सूव्लाकी’ आज सगळे डोक्यावर घेतात, पण तेव्हा तिथल्या संगीत-साप्ताहिकांनी त्यांना झोडपलं होतं. १९९५ मध्ये ‘पिग्मॅलियन’ आला आणि पाठोपाठ कंपनीने त्यांना सोडून दिलं. बहुतेक लोक इथून थेट २०१४ वर उडी मारतात, जेव्हा बँड पुन्हा एकत्र आला. मधली वर्षं कुणी बघतच नाही! खरं तर त्याच १९९५ मध्ये स्लोडाइव्हचेच दोन गायक, नील हॅल्स्टेड आणि रेचेल गॉसवेल, यांनी मोहावी थ्री नावाने नवा अल्बम काढला होता. गळे तेच, पण गिटारचं ते दाट धुकं विरलेलं; साधी गिटार, संथ लय आणि शब्द अगदी कानाशी. मी तो पहिल्यांदा कदंबच्या बसमधून पणजीला जाताना ऐकला. जूनचा पाऊस होता, काचा बंद होत्या, आणि बाणस्तारीचा पूल येईपर्यंत मला कळून चुकलं होतं की ड्रीम-पॉप आणि फोक ही दोन वेगळी घरं नाहीत, मध्ये एक दार आहे.

दुसरी वाट धिस मॉर्टल कॉइलची. हा नेहमीसारखा बँड नव्हे. फोर-एडी या लेबलच्या, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या, आयव्हो वॉट्स-रसेल यांनी आपल्याकडचे वेगवेगळे कलाकार एकत्र आणून गाणी करून घेतली. १९८४ च्या पहिल्या अल्बममध्ये त्यांनी अमेरिकी गायक टिम बकली आणि बिग स्टार हा बँड यांची जुनी गाणी नव्याने केली. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या या बिग स्टारचा १९७२ चा पहिला अल्बम समीक्षकांनी वाखाणला होता, पण वितरण इतकं ढिसाळ की दुकानांत तो धड पोचलाच नाही. मागे पडणं म्हणजे कमी प्रतीचं असणं, हा समज मला इथेच सोडावा लागला.

टिम बकलीचं गाणं तिथे कॉक्टो ट्विन्स या बँडची एलिझाबेथ फ्रेझर गाते. तिच्या स्वतःच्या बँडमधले शब्द कळत नाहीत अशी तक्रार पुष्कळ करतात. आपल्याला ती अडचण यायला नको. ख्याल ऐकताना बंदिशीतले सगळे शब्द कळले नाहीत म्हणून कुणी बैठकीतून उठत नाही. स्वर कुठे जातोय ते ऐका.

फोकमध्ये मात्र नावांचा धागा लवकर तुटतो, कारण ही माणसं बरेचदा एकेकटी होती. व्हॅश्टी बन्यन ही इंग्लिश गायिका घोडागाडीने स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाली, त्या प्रवासातली गाणी १९७० मध्ये आली, कुणी घेतली नाहीत, आणि तिने गाणं सोडलं. तो अल्बम २००० मध्ये पुन्हा निघाला तेव्हा कुठे लोकांनी कान दिला. तिचा दुसरा अल्बम आला २००५ मध्ये, म्हणजे तब्बल ३५ वर्षांनी. सिबिला बायर या जर्मन गायिकेने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला घरीच टेपवर गाणी भरून ठेवली होती. ती गाणी २००६ मध्ये बाहेर आली, तिच्या मुलामुळे. असं काही हवं असेल तर जुने अल्बम पुन्हा काढणाऱ्या लेबलांवर लक्ष ठेवा. न्यूमेरो ग्रुप आणि लाइट इन द ॲटिक ही दोन मी नेहमी बघतो. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर एखादा अल्बम कुणी विकत घेतलाय ते खाली दिसतं. त्या माणसाचा संग्रह उघडून बघा, ॲपपेक्षा तो माणूस चांगलं सुचवतो.

घरात बसून गाणी भरण्यावरून आठवलं, आपल्या गोव्याच्या रेमो फर्नांडिसनी १९८४ चा पहिला अल्बम शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केला आणि स्कूटरवरून कॅसेटी दुकानांत पोचवल्या. त्यांचं संगीत या जातीचं नाही, पण घरगुती रेकॉर्डिंगची गोडी लागली असेल तर तोही ऐका.

सुरुवात मोहावी थ्रीपासून करा. अल्बमचं नाव ‘आस्क मी टुमॉरो’. पहिल्या गाण्यापासून क्रमाने लावा, मध्ये काही वगळू नका.