हलत्या चित्रांच्या पुस्तकात रंगांतून गोष्ट कशी सांगावी?

तुम्ही परभणीकडच्या पहिली-दुसरीच्या मुलांसाठी मोबाईलवर हलणाऱ्या चित्रांचं पुस्तक करताय, गोष्ट पावसाची वाट बघणाऱ्या गावाची आहे, आणि दर पानाला नवे भडक रंग द्यावेत का, असं विचारलंत. माझं स्पष्ट मत, देऊ नका. मी संभाजीनगरला मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढतो. रंग अख्ख्या पुस्तकाचे एकदमच ठरवावेत. एका कागदावर पानागणिक छोटा चौकोन आखा आणि त्यात नुसते रंगांचे फराटे मारा. गोष्ट कुठे वळते, ते त्या ओळीवरूनच कळलं पाहिजे.

तुमची गोष्ट पावसाशी वळते. तोवर हिरवा जपून ठेवा. (लिंब उन्हाळ्यातही हिरवा असतोच, पण धुळीने माखलेला दाखवा.) आणि आपलं रान नीट बघा. मे महिन्यात काळी माती काळी दिसतच नाही. भेगाळलेली, वरून राखाडी. मृगाचा पाऊस पडला की ती काळीभोर होते. हिरवं त्यानंतर येतं. पेरलेलं उगवायला आठवडाभर जातो, आणि तेव्हाही रानात ओळीओळीने पोपटी रेघा दिसतात, बस. पाऊस पडताक्षणी सगळं हिरवंगार झालेलं पान शेतकऱ्याच्या लेकराला पटणार नाही.

छापील पुस्तकाला हे दाखवायला दोन-तीन पानं लागतात. तुमच्याकडे हालचाल आहे. पहिला थेंब पडेल तिथे काळा ठिपका उमटू द्या, शेजारी दुसरा, मग ते एकमेकांत मिसळू द्या. वाचणाऱ्या आवाजातलं वाक्य संपेपर्यंत तो रंग पसरत राहावा. तेवढा वेळ पानावर दुसरं काहीच हलवू नका. वीज दाखवायची असेल, तर पडदा सेकंदाला तीनदापेक्षा जास्त लखलखू देऊ नका. काही मुलांना त्याने फीटचा झटका येऊ शकतो.

जमलं तर अजिंठ्याचं सतरावं लेणं बघून या. तिथे षड्दंत जातकाचं, म्हणजे बुद्धाच्या हत्तीच्या पूर्वजन्माच्या गोष्टीचं चित्र आहे. त्यात हत्तींच्या कळपात बोधिसत्त्व, म्हणजे तो पूर्वजन्मीचा हत्ती, तेवढा पांढरा आहे, त्यामुळे एवढ्या गर्दीतही नजर त्याच्यावरच जाते. तुमच्या गोष्टीतल्या मुलीलाही असा एक रंग द्या, समजा करडईच्या फुलाचा केशरी-पिवळा, आणि तो पुस्तकभर दुसऱ्या कुणालाही देऊ नका.

प्रत्येक चित्र कृष्णधवल करून तपासा. मुलगी मागच्या भिंतीत विरून जात असेल, तर रंगांचा फिका-गडदपणा चुकलाय. लाल-हिरव्यातला फरक न कळणारं पोरही वर्गात असू शकतं, त्यालाही याचा उपयोग होतो. मग तेच पान स्वस्तातल्या मोबाईलवर, भर दुपारी ओसरीत बसून बघा. ओल्या काळ्या मातीवरचा काळा बैल तिथे हमखास दिसेनासा होतो. मातीत थोडा जांभळा मिसळा, नाहीतर बैल तांबडा करा.