डोळ्यांत तेल घालून भागत नाही

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री दोनचा मेसेज सकाळी वाचला. छातीच्या एक्स-रेत हृदयाच्या सावलीमागची फुप्फुसातली गाठ तुझ्या नजरेतून सुटली, मीटिंगमध्ये ती फिल्म सगळ्यांसमोर लावली, कुणीतरी "अरे, ढळढळीत दिसतंय की!" म्हणालं, आणि तू मला लिहिलंस, "मॅडम, यापुढे डोळ्यांत तेल घालून बघेन." हाच निश्चय मीही एकदा केला होता. तो पुरला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी त्या 'ढळढळीत'बद्दल. गाठ कुठे आहे हे एकदा कळलं की ती कुणालाही दिसते, पहिल्या वर्षाच्या मुलालासुद्धा. तू बघत होतास तेव्हा फिल्मवर बाण काढलेला नव्हता. त्या शेऱ्याने स्वतःला मोजू नकोस.

आता माझी फिल्म सांगते. एमडी होऊन चार वर्षं झाली होती. पन्नाशीचा हमाल, ताप, खोकला. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनियाचा चांगला मोठा पांढरा डाग. तो दिसला, पेशंटच्या तक्रारीशी जुळला, मी रिपोर्ट लिहिला आणि फिल्म पाकिटात घातली. पाच महिन्यांनी त्याचा सीटी आला. जुनी फिल्म काढून व्ह्यूबॉक्सवर, म्हणजे फिल्म बघायच्या दिव्याच्या पेटीवर, लावली, तर डाव्या बाजूला वर, जिथे क्लॅव्हिकल (गळ्याखालचं आडवं हाड) आणि पहिली बरगडी एकमेकींवरून जातात, तिथे आठ आण्याच्या नाण्याएवढी धूसर सावली. पहिल्या दिवसापासून तिथेच होती. एक गोष्ट सापडली की मन शोध थांबवतं. आपल्याकडे याला सॅटिस्फॅक्शन ऑफ सर्च म्हणतात. मला तो शब्द तेव्हा पाठ होता, परीक्षेत लिहिलाही होता.

हात लांब कर आणि अंगठ्याच्या नखाकडे बघ. नजरेच्या मधोमध जे लख्ख दिसतं ते साधारण तेवढंच, दोन-एक अंशांचं. बाकीची फिल्म आपल्याला दिसतेय असं फक्त वाटत असतं. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत हा लख्ख तुकडा फिरवत राहतो. त्यामुळे 'मी अख्खी फिल्म बघितली' हे वाक्य कधीच पूर्ण खरं नसतं.

पण नजर गेली नाही एवढंच कारण असतं, तर प्रश्न सोपा होता. हॅरोल्ड कुंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली छातीच्या फिल्म वाचताना रेडिओलॉजिस्टची नजर कुठे जाते ते टिपलं. सुटलेल्या गाठींपैकी जेमतेम 30 टक्क्यांकडे नजर गेलीच नव्हती. साधारण 25 टक्क्यांवरून ती घसरून गेली. उरलेल्या सुमारे 45 टक्के गाठींवर डोळा चांगला रेंगाळला होता आणि तरीही उत्तर 'नाही' आलं. 2013 मध्ये ड्र्यू, वो आणि वुल्फ या संशोधकांनी फुप्फुसाच्या सीटीत गोरिलाचं चित्र घातलं, नेहमीच्या गाठीच्या 48 पट मोठं. गाठी शोधणाऱ्या 24 रेडिओलॉजिस्टपैकी 20 जणांना ते दिसलं नाही. त्या 20 पैकी 12 जणांची नजर थेट गोरिलावर पडलेली होती. त्यांच्या डोळ्यांत तेल कमी नव्हतं रे. ते गाठ शोधत होते, आणि मन जे शोधत नाही ते नजरेसमोर असूनही हाती लागत नाही.

म्हणून स्वतःला पहिला प्रश्न हा विचार: माझी नजर तिथे गेली नाही, की गेली आणि मी ती सावली रक्तवाहिनी म्हणून सोडली? दोन्हींचा इलाज वेगळा आहे. पहिल्याला क्रम लागतो. मी आजही शेवटी चार जागा ठरवून बघते: दोन्ही एपेक्स (फुप्फुसांची वरची टोकं), हायला (रक्तवाहिन्या फुप्फुसात शिरतात ती जागा), हृदयामागे, डायफ्रॅमच्या म्हणजे छाती-पोटामधल्या पडद्याच्या खाली. काहीतरी सापडलं असेल तेव्हा तर हमखास. आणि जुनी फिल्म असेल तर ती शेजारी लावल्याशिवाय रिपोर्ट नाही.

दुसरी चूक जास्त अवघड आहे, कारण ती डोळ्याची नाही, निवाड्याची आहे. प्रत्येक अस्पष्ट सावलीला 'आहे' म्हणायला किती पुरावा लागेल, याची एक रेघ आपण मनात ओढलेली असते. ती खाली आणली तर निरोगी माणसाला उगाच सीटीला पाठवशील, वर नेली तर गाठ सोडशील. सिग्नल डिटेक्शनवाले, म्हणजे अस्पष्ट खुणेवरून माणूस 'आहे-नाही' कसं ठरवतो याचा अभ्यास करणारे, हेच सांगतात: नजर तीच राहते, रेघ हलते. आणि ती आपल्या नकळत हलते. वुल्फ यांच्याच 2005 च्या प्रयोगात निम्म्या चित्रांत शोधायची वस्तू होती तेव्हा लोकांनी 7 टक्के वस्तू सोडल्या. शंभरात एकाच चित्रात वस्तू ठेवली, तेव्हा 30 टक्के. तपासणी शिबिरातल्या ढीगभर नॉर्मल फिल्म वाचताना तुझंही हेच होतं. शंभरावी फिल्म हातात येईपर्यंत 'नॉर्मल' हा शब्द आधीच लिहायला तयार असतो.

यावर मी करते ते एवढंच: शिबिराच्या गठ्ठ्याला हात लावण्याआधी, आणि मध्ये एकदा, उत्तर माहीत असलेल्या आठ-दहा फिल्म वाचते, गाठी असलेल्या, आणि लगेच पडताळते. ती रेघ परत जागेवर येते. पाच मिनिटं जातात. ती जाऊ देत.

तुझी ती फिल्म शनिवारी घेऊन ये. माझी जुनी फिल्म मी अजून जपून ठेवलीय. दोन्ही व्ह्यूबॉक्सवर शेजारी लावू. मात्र येण्याआधी कागदावर लिहून आण, त्या रात्री हृदयाच्या सावलीपाशी तू थांबला होतास की नाही. आठवत नसेल, तर तसंच लिही.

तुझी,
मॅडम