सकाळचा सराव बघून घोडा निवडावा का?

प्रश्न: पुण्याच्या रेसकोर्सवरच्या सकाळच्या सरावाच्या वेळा छापून येतात. ‘६०० मीटर, ३८ सेकंद’ असं वाचून निकालाचा अंदाज बांधता येतो का? – एक वाचक, पुणे

उत्तर: थोडाफार येतो, पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. सराव बहुतेक वाळूवर होतो, शर्यत हिरवळीवर. त्यात सकाळी पाठीवर कोण आणि किती वजनाचं होतं, जॉकी की रायडिंग बॉय (सरावापुरता बसणारा स्वार), हे आकडा सांगत नाही. शर्यतीत मात्र घोड्याला ठरवून दिलेलं वजन वाहावंच लागतं.

मी कठड्याशी उभा राहतो तेव्हा घड्याळापेक्षा लगाम बघतो. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये स्वाराचे हात मानेजवळ शांत आहेत आणि घोडा कान टवकारून स्वतःहून पुढे ओढतोय, तर त्याचे ४० सेकंद मला चाबूक खाऊन काढलेल्या ३८ पेक्षा मोलाचे वाटतात. म्हणून वेळेपुढचा ‘सहज’ किंवा ‘जोर लावून’ हा शेरा आधी वाचा. थांबल्यावर श्वास किती लवकर बसतो, तेही बघा. फार धापा टाकत असेल तर अजून तयारी कमी आहे.

सराव खरा उपयोगी पडतो तो पहिल्यांदाच धावणाऱ्या किंवा मोठ्या विश्रांतीनंतर परतणाऱ्या घोड्याबाबत, कारण तिथे ताजा फॉर्म नसतोच. जुन्या घोड्याची तुलना त्याच्याच आधीच्या सरावाशी करा. काही घोडे सकाळी कायम आळशीच असतात. आणि पुण्याचा हंगाम पावसाळ्यातला, तेव्हा त्या दिवशी ट्रॅक किती ओला होता हे विचारल्याशिवाय दोन दिवसांच्या वेळा शेजारी ठेवू नका.