कान बाजूला ठेव, आधी कर्ता शोध

बाय,

तू पाठवलेला मॉक टेस्टचा फोटो काल रात्री दोनदा बघितला. स्पॉटिंग एररचे, म्हणजे इंग्रजी वाक्यातली चूक शोधायचे, पाचातले चार चुकलेत आणि खाली लिहिलंयस, 'काका, वाचताना सगळं बरोबरच वाटतं.' अगं, दुखणं तेच आहे. तू कानाने वाचतेस.

तो देवगड-रत्नागिरीच्या आंब्याचा प्रश्न परत बघ. 'द क्वालिटी ऑफ द मँगोज फ्रॉम देवगड अँड रत्नागिरी आर गुड.' तू 'नो एरर', म्हणजे चूक नाही, केलंस. क्रियापद कुठलं? आर. गुड कोण आहे? आंबे नाहीत, क्वालिटी. ती एकच, म्हणजे इज पाहिजे. फसलीस का ते सांगतो, त्यात तुझी अक्कल कमी नाही. आपण म्हणतो बाबांनी पेटी उचलली, पेट्या उचलल्या, आंबा उचलला. बाबा तेच, पण क्रियापद बदललं ते कर्माकडे, म्हणजे पेटीकडे नि आंब्याकडे बघून. जन्मापासून हीच सवय. इंग्रजी क्रियापद कर्त्याकडे बघतं, मग तो दहा शब्द मागे का असेना, आणि पेपर काढणारा मधे मुद्दाम गर्दी भरतो. 'द बोट, अलॉन्ग विथ टू डिंगीज, हॅव रिटर्न्ड' यातसुद्धा परत आली ती बोटच, दोन स्वल्पविरामांच्या मधलं बोटाने झाकून टाक की दिसेल, हॅज. नायदर-नॉर मधे मात्र जवळचा कर्ता बघायचा, ते वेगळं लक्षात ठेव.

मी स्वतः वीसेक वर्षं पोरांना सांगत आलो, मोठ्याने वाचा, खटकेल तिथे चूक. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलतात त्यांना खटकतं. आपण बंदरावर, लिलावात, एसटीत कधी ऐकलं इंग्रजी? तुझ्याच गावची एक पोरगी बँकेच्या परीक्षेत दोनदा थोडक्यात राहिली आणि मी तिला घाई करतेस म्हणून ओरडलो. घाई नव्हती गं ती, मीच चुकीचं शिकवलं होतं. ती आता भेटली की नीट बोलते, मलाच तिच्याकडे बघवत नाही.

म्हणून आता हट्टाने एकच सांगतो, क्रियापद धर, कर्ता शोध. लोक म्हणतात सर ट्रिक्स देत नाहीत, पोरं दुसऱ्या क्लासला जातात, जाऊ देत. तू पण ती एकशेवीस नियमांची पीडीएफ उघडून बसलीयस ना? बंद कर. टेन्स, आर्टिकल, प्रेपोझिशन सगळं बघू, पण आधी क्रियापद, कर्ता. आणि दोन्ही जुळले, बाकी काही सापडलं नाही, तर 'नो एरर' करायला घाबरू नको, पण आधी शोधून मग कर. नुसतं वाटतं म्हणून केलंस आणि चुकलं, तर पाव मार्क जातो तो जातोच.

रविवारी येताना वीस वाक्यं घेऊन ये. उत्तरं नकोत मला. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ आणि तिथून कर्त्यापर्यंत बाण, पेन्सिलीने.