सवलत आणि हिशेब

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला फार खटकलं. 'मी कॉमर्सची, त्यामुळे विज्ञान कादंबरीवर मी काय बोलणार? आवडली किंवा नाही आवडली, एवढंच.' फिजिक्स येत नसेल तर या पुस्तकांवर मत देऊ नये, असं तुला कुणीतरी सुनावलं आणि तू लगेच अकरावी-बारावीची सायन्सची पुस्तकं आणू का म्हणून विचारतेस. आणू नकोस. तू पाठवलेली टिपणं मी नीट वाचली. 'कल्पना भन्नाट आहे', 'मध्यंतरी रेंगाळते', 'शेवट पटला नाही'. ही तिन्ही वाक्यं उचलून दुसऱ्या कुठल्याही कादंबरीखाली चिकटवली तरी तशीच बसतील. खरी अडचण इथे आहे, आणि ती फिजिक्सच्या पुस्तकानं सुटणार नाही.

त्यासाठी एकच गोष्ट सांगतो, आणि ती या पत्रात पुन्हा पुन्हा येईल. विज्ञान कादंबरी वाचकाकडे एक सवलत मागते: एवढं एक मान्य कर, बाकीचं जग तुझ्या ओळखीचंच राहील. ती द्यायची, खळखळ न करता द्यायची. पण दिलेल्या सवलतीचा हिशेब लेखकाकडून शेवटच्या पानापर्यंत मागायचा. कुठली सवलत मागितली आणि तिचा हिशेब दिला का, या दोन प्रश्नांची उत्तरं ज्यात नाहीत ते टिपण मला पाठवू नकोस. तू जमाखर्च शिकतेस. हे काम तुला इतरांच्या आधी जमायला हवं.

पद्धत शिकायला छोटी जागा बरी, म्हणून आधी एक कथा घे. डॉ. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' तुला ठाऊक असेल; एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात ती 'द अ‍ॅडव्हेंचर' या नावानं आहे. सवलत काय? १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासरावांचा जीव घेणारी गोळी कानाला चाटून निघून गेली. बस, एवढीच. आता हिशेब बघ. मराठे जिंकले, ईस्ट इंडिया कंपनीचा विस्तार थांबला, मुंबई तेवढी इंग्रजांकडे राहिली, तीही १९०८ च्या करारानं २००१ पर्यंत भाडेपट्ट्यावर. म्हणून रेल्वेच्या डब्यावर छोटासा युनियन जॅक आहे, म्हणून स्टेशनातून बाहेर पडल्यावर समोर कंपनीचं मुख्यालय उभं आहे. प्रत्येक तपशिलाचा धागा त्या एका गोळीपर्यंत मागे नेता येतो. कथेच्या शेवटी हे कसं घडलं असावं याची शास्त्रीय चर्चा आहे. तिच्यावर फार अडकू नकोस, कारण स्पष्टीकरण म्हणजे हिशेब नव्हे. माझ्या मते ही कथा उभी राहते ती युनियन जॅकवर. वाचक बहुतेक वेळा स्पष्टीकरणच तपासत बसतात आणि डब्यावरचा झेंडा त्यांच्या नजरेतून सुटतो.

आता चुकीचं वजन कसं करायचं ते बघू, कारण 'लेखकाची चूक सापडली' की तू हरखून जातेस. लॅरी निव्हनची 'रिंगवर्ल्ड' १९७० सालची. ताऱ्याभोवती सूर्य-पृथ्वी अंतराएवढ्या त्रिज्येचं एक अजस्र कडं, आणि त्याच्या आतल्या बाजूवर वस्ती. कडं सेकंदाला सुमारे १,२४० किलोमीटर वेगानं फिरतं, म्हणून माणसाचे पाय जमिनीवर टिकतात. (पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरनं फिरते, तुलनेसाठी.) या पुस्तकात दोन गाजलेल्या चुका होत्या. पहिली: नायक आपला वाढदिवस लांबवण्यासाठी मध्यरात्रीच्या पुढे पुढे शहरं बदलत जातो, पण पहिल्या आवृत्तीत तो उलट्या दिशेनं गेला होता. दुसरी: असं घट्ट कडं ताऱ्याभोवती स्थिर राहत नाही. ते जरासं सरकलं की जवळ आलेली बाजू जास्त ओढली जाते, सरकणं वाढत जातं आणि शेवटी कडं ताऱ्यावर जाऊन आदळतं. १९७१ च्या विज्ञानकथा संमेलनात एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी 'रिंगवर्ल्ड अस्थिर आहे' अशा घोषणाच दिल्या होत्या.

दोन्ही चुका सारख्या का? अजिबात नाही. पहिली पुढच्या आवृत्तीत दुरुस्त झाली आणि कादंबरीचं काही बिघडलं नाही, कारण तिचा सवलतीशी संबंध नव्हता. दुसरी थेट सवलतीच्या हिशेबातली तूट होती. ती भरून काढायला निव्हनला आणखी एक कादंबरी लिहावी लागली. कड्याला जागेवर ठेवणारी इंजिनं त्याला तिथे आणावी लागली. तुझ्या टिपणात तू पहिल्या जातीच्या चुकांना अर्धं पान देतेस आणि दुसऱ्या जातीच्या चुका तुला दिसतच नाहीत. तारीख चुकली, दिशा चुकली, एखादा आकडा निसटला, तर समासात खूण करायची आणि पुढे जायचं.

टिपणाची कृती सांगतो. वाचायला बसण्याआधी मलपृष्ठ वाचू नकोस. सवलत तिथे अर्धी फोडलेली असते आणि मग ती तुझी तू शोधत नाहीस. पुस्तकाच्या आकाराचा एक कागद उभा दुमडून आत ठेव. डाव्या बाजूला सवलती, उजवीकडे हिशेब, दोन्हीकडे पान क्रमांकासह. पहिल्या पन्नास पानांत डावी बाजू भरते. पुढे उजवी भरत गेली पाहिजे. शंभराव्या पानानंतर डावीकडे नवी सवलत चढली तर तिच्याखाली रेघ मार. उशिरा मागितलेली सवलत म्हणजे लेखक अडकला आहे आणि सुटकेसाठी तुझ्याकडे हात पसरतो आहे. तुला जिथे 'शेवट पटला नाही' असं वाटलं, तिथे दहातल्या आठ वेळा हेच झालेलं सापडेल. मग 'शेवट पटला नाही' असं लिहायचं नाही. '३१२ व्या पानावर नवी सवलत घेतली' असं लिहायचं. याच कागदानं पुस्तक सोडायचं कधी तेही कळतं. शंभर पानं झाली आणि उजवी बाजू कोरी असेल तर खुशाल मिटून ठेव, पण मत देताना किती पानांवर सोडलं ते सांग.

काही ठिकाणी आकडेमोड करावी लागते. तिला घाबरण्यासारखं काही नाही; वर्ग आणि वर्गमूळ येत असलं की पुष्कळ. ज्यूल व्हर्नच्या १८६५ च्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत माणसं तोफेच्या गोळ्यात बसून जातात. तोफेची लांबी ९०० फूट, सुटतानाचा वेग सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे जवळजवळ ११ किलोमीटर. वेगाचा वर्ग करायचा, त्याला नळीच्या लांबीच्या दुपटीनं भागायचं, त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर, मिळतो. ते गुरुत्वाकर्षणाच्या बावीस हजार पटींहून जास्त येतं. आतल्या माणसाचं काय होईल ते मी लिहीत नाही. व्हर्ननं धक्का शोषायला गोळ्याच्या तळाशी पाणी ठेवलं होतं, म्हणजे हिशेब द्यायचा आहे याची त्याला जाण होती. दिलेला हिशेब फारच तोकडा पडला. तरीही मी त्याला मान देतो, कारण त्यानं आकडे छापले. आकडे छापणारा लेखक तुला तपासायची मुभा देतो. 'प्रचंड वेगानं यान झेपावलं' असं लिहिणारा ती देत नाही.

उलट उदाहरण अँडी वीअरच्या 'द मार्शन'चं. मंगळावर ताशी १७५ किलोमीटरचं वादळ येतं आणि यान कलंडायला लागतं, म्हणून सगळे निघून जातात आणि एकटा मागे राहतो. मंगळावरची हवा पृथ्वीवरच्या हवेच्या सुमारे एक साठांश घनतेची. वाऱ्याचा जोर घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो. साठाचं वर्गमूळ पावणेआठ, १७५ ला त्यानं भाग: पृथ्वीवरच्या ताशी २२-२३ किलोमीटरच्या वाऱ्याएवढा जोर. संक्रांतीला पतंग चढवायला उत्तम, यान पाडायला निकामी. हे वीअरला माहीत होतं आणि त्यानं ते उघड कबूलही केलं आहे. मग कादंबरी बाद? इथेच लोक घाईनं निकाल देतात आणि माझा संयम सुटतो. वादळ ही मागितलेली सवलत आहे, पहिल्याच प्रकरणांत मागितलेली. पुढची सगळी पानं हिशेबाची आहेत. लावलेल्या बटाट्यांना पाणी हवं म्हणून मागे राहिलेला नायक यानाच्या इंधनातल्या हायड्रॅझिनपासून हायड्रोजन वेगळा काढून जाळतो, आणि स्वतःच्या उच्छ्वासातून खोलीत मिसळणारा ऑक्सिजन धरायचा विसरतो, म्हणून स्फोट होतो. एवढ्या बारकाईनं जमाखर्च मांडणाऱ्याला एक वादळ द्यायला माझी काही हरकत नाही.

प्रकाशनाचं वर्ष टिपणाच्या डोक्यावर लिहायचंच. १९६५ पर्यंत बुध सूर्याकडे कायम एकच बाजू ठेवतो असं मानलं जाई. त्या वर्षी रडारनं तो सुमारे ५९ दिवसांत स्वतःभोवती फिरतो हे दाखवलं. त्याआधीच्या कादंबरीतला बुधाचा कायमचा अंधार ही ना चूक ना सवलत, ते त्या काळचं ज्ञान. त्यावर वेळ घालवू नकोस. अनुवाद वाचत असलीस तर कुठली आवृत्ती तेही बघ. लिऊ त्सिशिनच्या 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'च्या चिनी पुस्तकात सांस्कृतिक क्रांतीचा भाग मध्ये सरकवला होता. इंग्रजी अनुवादात तो परत सुरुवातीला आला. 'रचना विस्कळीत आहे' असं बेधडक लिहिण्याआधी एवढी चौकशी हवी.

आता तुला सुनावणाऱ्या त्या माणसाकडे येतो. हिशेब म्हणजे फिजिक्स असं त्यानं धरलं आहे. उर्सुला ले ग्विनच्या १९६९ च्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'मधली सवलत अशी: एका ग्रहावरची माणसं महिन्याचे बरेच दिवस स्त्रीही नसतात आणि पुरुषही, थोडे दिवस दोहोंपैकी काहीतरी होतात, आणि काय होणार हे आधी ठरलेलं नसतं. हिशेब राजकारणात, घरात, वारशात, भाषेत द्यायचा आहे. तिथे राजाच गरोदर राहतो, आणि वारस कोण हा प्रश्न राजदरबारात शिरतो. हे तपासायला कुठलं समीकरण लागतं? माणसं कशी वागतात हे बघायची सवय लागते, आणि ती तुझ्याकडे आहे, तुझ्या पत्रावरूनच दिसतं.

माझ्या या आग्रहाला लोक कोरडेपणा म्हणतात. कादंबरी अनुभवायची असते, तपासायची नसते, असं मला ऐकवलं जातं. मी ते मानत नाही आणि मानणारही नाही. स्तानिस्वाव लेमची 'सोलारिस' घे, १९६१. एका ग्रहावरचा समुद्र माणसाच्या आठवणीतून माणसं घडवतो. तो हे का करतो, हे कादंबरी शेवटपर्यंत सांगत नाही. इतकी मोठी सवलत क्वचितच कुणी मागितली असेल. नायकासमोर त्याची मेलेली बायको येऊन उभी राहते. तिचा पोशाख काढायला जावं तर तो उघडतच नाही, कात्रीनं कापावा लागतो. कारण ती त्याच्या आठवणीतून बनली आहे, आणि पोशाख कसा उघडतो हे त्याच्या आठवणीत नाही. त्या पानावर अंगावर काटा येतो तो याच हिशेबामुळे. हिशेब न मागणारा वाचक ते वाक्य वाचून पुढे निघून जातो आणि त्याच्या हाती काहीच लागत नाही. मग रसिक कोण?

मराठीत ही सवय रुजली नाही याची मला खंत आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला नारळीकरांनी टोपणनावानं कथा पाठवली, तेव्हापासून लिहिणारे पुष्कळ झाले. परीक्षणं मात्र दोनच प्रश्नांभोवती फिरत राहिली: यातलं विज्ञान बरोबर आहे का, आणि याला साहित्य म्हणायचं का. पहिला प्रश्न शास्त्रज्ञांकडे गेला, दुसरा समीक्षकांकडे, आणि हौशी वाचक गप्प बसला. सवलत आणि हिशेब हा त्या हौशी वाचकाचा प्रश्न होता. तो कुणी विचारला नाही, म्हणून लेखकांनाही धाक राहिला नाही. तू आता गप्प बसलीस तर मला फार वाईट वाटेल.

पुढचं पुस्तक मी ठरवतो: आर्थर क्लार्कची 'राँदेव्हू विथ रामा', १९७३. सवलत सोपी आहे, एक पोकळ नळकांडं सूर्यमालेत शिरतं. आतला व्यास १६ किलोमीटर, चार मिनिटांत एक फेरी. आतल्या पृष्ठभागावर वजन किती भासेल ते स्वतः काढ. ८,००० मीटर त्रिज्येला कोनीय वेगाच्या (६.२८ भागिले एका फेरीचे सेकंद) वर्गानं गुणायचं. पृथ्वीवरच्या निम्म्याहून थोडं जास्त यायला हवं. आत एक गोठलेला समुद्र आहे. नळकांडं सूर्याजवळ येतं तसं बर्फ कुठून वितळतं आणि हवेचं काय होतं, हे उजव्या बाजूला टिपत जा. त्या समुद्राचा उत्तरेकडचा कडा ५० मीटर उंच आणि दक्षिणेकडचा ५०० मीटर. असं का, याचं उत्तर पुस्तक देण्याआधी तू काढलंस का आणि कितव्या पानावर, ते मला कळव.