'मी सोबत चाललेय'

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम, तुला आणि तुझ्या नवऱ्यालाही.

तुझं पत्र मिळालं. परदेशातल्या शाळेचं त्याचं नेमणूकपत्र आलं, जायची तारीख ठरली, चर्चच्या मंडळीनं निरोपाची उपासना ठेवली, वाचून फार बरं वाटलं. पण एका वाक्यापाशी अडले ती अजून तिथंच आहे. तू लिहिलंयस, 'ह्याला पाचारण झालंय बाई, आणि मी सोबत चाललेय.' तू सहज लिहून गेली असशील. लग्नानंतर पाच महिन्यांनी मीही हेच वाक्य बोलले होते, ह्याच क्रमानं, म्हणून माझे कान टवकारले.

'सोबत' हा काही वाईट शब्द नाही. लग्नात तोच तर हवा असतो. पण सामानही सोबतच जातं गं.

संडे स्कूलमध्ये मी तुम्हाला विल्यम कॅरीबद्दल सांगितलं होतं, आठवतं का? इंग्लंडातला चांभार, मिशनरी झाला, बंगालात जाऊन अनेक भाषांमध्ये बायबल छापलं, १८०५ साली मराठीचं व्याकरण काढलं, १८१० साली कोश. तुम्ही सगळ्यांनी त्याचं चित्र काढून आणलं होतं. जे सांगितलं नव्हतं ते आता सांगते, कारण आता तुला ते लागणार आहे.

त्याची बायको डोरोथी. १७८१ साली लग्न झालं तेव्हा तिला लिहिता येत नव्हतं, नोंदवहीत तिनं फुलीची खूण केली. १७९३ साली कॅरीनं हिंदुस्थानात जायचं ठरवलं तेव्हा ती नाही म्हणाली. तो थोरल्या मुलाला घेऊन निघालासुद्धा. पण जहाजाचा घोळ झाला, निघणं लांबलं, आणि मधल्या काळात कॅरीच्या सहकाऱ्यानं तिला गाठून इतकं भरीला घातलं की काही आठवड्यांचं बाळ घेऊन, आपल्या बहिणीला बरोबर घ्यायच्या अटीवर, ती जहाजावर चढली. पुढल्या वर्षी तिचा पाच वर्षांचा पीटर आमांशानं गेला. त्यानंतर तिचं मन जे ढासळलं ते सावरलंच नाही. १८०७ साली वारली तोवर साधारण बारा वर्षं त्याच अवस्थेत, शेवटी शेवटी खोलीत कोंडून ठेवावी लागायची. म्हणजे ज्या वर्षी आपल्या भाषेचं ते व्याकरण छापून आलं त्या वर्षी डोरोथी त्याच घरात होती.

कॅरीला मी दोष देत बसत नाही. त्या काळी मनाच्या दुखण्यावर कुणाकडे काय होतं? पण त्याचं व्याकरण आपण आदरानं हातात घेतो तेव्हा तिची ती फुलीही आठवावी, असं मला वाटतं. ती सोबत गेली होती.

आता दुसरी. अ‍ॅन हॅसेल्टाइन. मिशनरी म्हणून निघालेल्या अ‍ॅडोनिराम जडसननं तिच्या वडिलांना पत्र लिहिलं ते सरळ मागणीचं नव्हतं. तुमची मुलगी तुम्हाला पुन्हा कदाचित दिसणार नाही, हाल होतील, मरणही येईल, हे चालेल का, असं त्यानं विचारलं. वडिलांनी निर्णय तिच्यावर सोडला आणि तिनं वेळ घेऊन स्वतः होकार दिला. १८१२ च्या ५ फेब्रुवारीला लग्न, १९ तारखेला अमेरिकेच्या किनाऱ्यावरून जहाज. पुढच्या वर्षी जुलैत ती दोघं ब्रह्मदेशात रंगूनला पोचली. पहिल्या ब्रह्मी माणसाचा बाप्तिस्मा व्हायला १८१९ उजाडलं. सहा वर्षं! तुमची मंडळी तिसऱ्या महिन्यात 'काय प्रगती?' म्हणून विचारेल तेव्हा हा आकडा लक्षात असू दे.

मला आवडलेली तिची गोष्ट वेगळी आहे. नवरा दिवसभर शिक्षकाजवळ बसून व्याकरण घोटायचा. घर चालवायचं अ‍ॅनकडे, त्यामुळे तिला दिवसभर ब्रह्मी माणसांशी बोलावंच लागायचं. थोड्याच काळात तिनं घरी लिहिलं की भाषेची रचना नवऱ्याला जास्त कळते, पण बोलणं मला जास्त येतं. पुढे तिनं बायबलमधली दानीएल आणि योना ही पुस्तकं ब्रह्मीत आणली. १८२४ साली इंग्रज आणि ब्रह्मी राजा यांच्यात लढाई पेटली, जडसनला कैदेत टाकलं, तेव्हा साधारण दीड वर्ष ब्रह्मी अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवणारी तीच, आणि तेही त्यांच्याच भाषेत. मधल्या काळात बाळंतीणही झाली. १८२६ साली ती गेली, वय छत्तीस. तेव्हा ह्या गोष्टीचा शेवट गोड आहे असं मी तुला सांगत नाहीये. एवढंच म्हणते की ती स्वतःच्या पायांनी गेली होती.

तर आता तुझं. पत्रात तू लिहिलंस की व्हिसाचं सगळं शाळा बघतेय. बघू दे, पण तुझा कागद तू स्वतः वाच. नेमणूक त्याच्या एकट्याच्या नावावर असेल तर तुला बहुधा अवलंबित म्हणून व्हिसा मिळेल, आणि पुष्कळ देशांत अशा व्हिसावर पगारी काम करता येत नाही. काही ठिकाणी शाळेत फुकट शिकवणंसुद्धा कामच धरतात. बी.एड. होऊन तू तिथं जाशील आणि कायद्यानं तुला फळ्यापुढं उभंच राहता येणार नाही, हे तिकीट काढण्याआधी कळलेलं बरं. शाळेला लेखी विचार: माझा व्हिसा कोणत्या प्रकारचा, मला शिकवता येईल का, पुढे बदलता येतो का, त्याची नोकरी सुटली तर माझ्या राहण्याचं काय. पदवीची आणि लग्नाच्या दाखल्याची प्रमाणित प्रत, अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का, लागत असेल तर तोही, इथूनच करून घे. तिथून मागवायला जीव मेटाकुटीला येतो.

पाठवणाऱ्या संस्थेलाही विचार की तुम्ही दोघांना पाठवताय की एकाला. आमच्या वेळी मी दोन वर्षं वर्ग घेतले, मुलींचं वसतिगृह सांभाळलं, आणि वार्षिक अहवालात ह्यांच्या नावापुढे 'व सौ.' एवढंच छापून आलं. मी तो अहवाल बरीच वर्षं जपून ठेवला होता, रागानंच. मानधन एकाच्या नावावर येणार असलं तरी खातं दोघांच्या नावावर असावं. हे मागताना 'सेवेत असं काय मागायचं' म्हणून संकोचू नकोस. संकोच करणाऱ्यांना लोक गृहीत धरतात, मंडळीतले तर जास्तच.

नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा अठरावा अध्याय दोघांनी मिळून पुन्हा वाचा. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला, रोममधून हुसकावलेलं जोडपं, करिंथात तंबू शिवून पोट भरतंय. प्रेषित पौल त्यांच्याच घरी राहतो, त्यांच्याच धंद्यात हात घालतो. पुढे अपुल्लो नावाचा मोठा वक्ता भेटतो, त्याच्या शिकवणीत जे कमी आहे ते दोघं त्याला घरी नेऊन समजावून देतात. चारचौघांत चूक काढत नाहीत! नव्या करारात ह्या दोघांची नावं सहा ठिकाणी येतात आणि त्यातल्या चार ठिकाणी बायकोचं नाव आधी आहे. ह्यावरून पंडित काय काय सिद्ध करतात ते सोड. मला एवढंच दिसतं की पौलाला एक आठवलं की दुसरं आठवायचं.

पहिल्या वर्षाबद्दल मात्र मी हट्टी आहे. जुन्या करारातल्या अनुवाद ह्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात नियम आहे: नवं लग्न झालेल्यानं लढाईवर जाऊ नये, त्याच्यावर कसलं काम लादू नये, वर्षभर त्यानं घरी राहून बायकोला सुखी करावं. निरोपाच्या उपासनेत हे वचन कुणी वाचत नाही, मी कैक उपासनांना बसलेय. वर्षभर सुटी कुणी देणार नाही, कबूल. पण पहिल्या वर्षी वर्ग आणि भाषा एवढंच घ्या. संध्याकाळचं बायबल मंडळ, तरुणांचं शिबिर, वाद्यवृंद, ह्या सगळ्याला 'पुढच्या वर्षी' म्हणा. आम्ही कशालाच नाही म्हणालो नाही. पाचव्या महिन्यात मी आणि हे एकमेकांशी फक्त वेळापत्रकाबद्दल बोलत होतो, आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, आमच्यासुद्धा.

भाषा दोघांनी शिकायची. तो शाळेत इंग्रजीत शिकवणार, सहकारी इंग्रजी बोलणार, त्याचं अडणार नाही, म्हणून तो मागं पडेल. तू पुढं जाशील, अ‍ॅनसारखीच, आणि मग प्रत्येक ठिकाणी तुलाच त्याची दुभाषी व्हावं लागेल. ते एक-दोन महिने गमतीचं वाटतं, नंतर नाही. मी शिकले ती शेजारच्या म्हातारीकडून. ती माझं प्रत्येक वाक्य मला परत म्हणायला लावायची आणि पोट धरून हसायची. 'गृहपाठ' म्हणायला जाऊन मी वर्गात महिनाभर भलतंच काही म्हणत होते, ते तिनंच सांगितलं. मुलांनी महिनाभर सांगितलं नव्हतं, कार्टी.

भांडणं होतील. तिथं तुमची भाषा कळणारी माणसं दोनच, त्यामुळे भर रस्त्यात भांडलात तरी अब्रू शाबूत. पण मध्ये पडणारंही कुणी नसतं. इथं आई असते, जाऊ असते, निदान फोन आपटून मैत्रिणीकडे जाता येतं. तिथं ज्याच्यावर राग त्याच्यापाशीच रडायचं. म्हणून निघण्याआधीच एक जोडपं ठरवा, संस्थेतलं नको, तुमच्या पगाराशी काही संबंध नसलेलं, ज्यांना दर महिन्याला दोघंही खरं सांगाल. आणि रात्रीची प्रार्थना एकत्र करा, पण प्रार्थनेतून टोमणे मारू नका. 'प्रभू, ह्याला धीर दे' असं मी डोळे मिटून पुष्कळदा म्हटलंय, आणि ते कुणाला ऐकवायचं होतं ते प्रभूलाही ठाऊक होतं.

शिकवण्याबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्हा दोघांना येतं. फक्त शिक्षक म्हणून प्रवेश घेतलाय तर शिक्षक व्हा. वर्ग हा मागच्या दारानं आत शिरायचा बहाणा झाला की मुलांना ते सगळ्यात आधी कळतं. धर्माबद्दल तिथला कायदा काय परवानगी देतो, काय नाही, ते जाण्याआधी नीट विचारून घ्या, कारण तुमच्या चुकीची किंमत तुम्ही नाही, तिथले विश्वासणारे मोजतात. तुम्हाला फार तर परत पाठवतील, त्यांना तिथंच राहायचं असतं. आणि ज्याच्या हातात गुण आहेत त्यानं पोरांच्या श्रद्धेला हात घालताना दहादा थांबावं. आमच्या एका विद्यार्थ्यानं परीक्षेच्या दोन आठवडे आधी बाप्तिस्मा मागितला होता. हे म्हणाले, निकाल लागू दे, मग ये. तो आला नाही. पास मात्र चांगल्या गुणांनी झाला.

देणगीदारांना जाणाऱ्या पत्रात तो प्रसंग आम्ही घातला नाही, अर्थात. ती पत्रं हा एक वेगळाच मोह आहे. महिनाभर काही घडलेलं नसतं आणि पान तर भरायचं असतं. मग एका मुलाच्या चांगल्या प्रश्नाचं 'मोठं कार्य' होतं. लिहा की ह्या महिन्यात अपूर्णांक शिकवले आणि दोघांनाही सर्दी झाली. आणि मुलांचे फोटो त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय पाठवू नका, कुणी कितीही मागितले तरी.

मूलबाळ, त्यांची शाळा, म्हातारे आईबाप, परत आल्यावर घरच परकं वाटतं ते, ह्यावर पुन्हा कधीतरी. आत्ता सगळं सांगून तुला घाबरवायचं नाही.

मला एवढंच हवंय की तू आठ दिवस ते वाक्य बाजूला ठेवावंस. एकटी बस. तो नसता तरी तू शिकवायला असं दूर गेली असतीस का, हे स्वतःला विचार. 'नाही' आलं तरी घाबरू नकोस. मग त्याला ते सांग, आणि तो काय म्हणतो ते नीट ऐक. पाचारण नंतरही येतं, मला तिथं पोचल्यावर तिसऱ्या वर्षी आलं, त्या वसतिगृहातल्या एका मुलीच्या आजारपणात. पण मधली दोन वर्षं ह्यांना ते माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटायचं मी सुखात आहे.

पुढच्या पत्रात त्याच्याही हातच्या चार ओळी हव्यात. आणि व्हिसाचं शाळेनं काय उत्तर दिलं ते कळव, लेखी दिलं का तेही.

तुझ्या,
बाई