टॅब बोटांच्या मापाचाच हवा

प्रश्न : माझी १४ वर्षांची मुलगी रिकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या) धनुष्याने सराव करते. दुकानातून आणलेला फिंगर टॅब (दोरी ओढणाऱ्या बोटांना जपणारा चामड्याचा तुकडा) तिला मोठा होतो आणि दोरी ओढताना बाण रेस्टवरून (धनुष्यावर बाण टेकवायच्या आधारावरून) घसरतो. काय करावे? – एक पालक, फोंडा

उत्तर : ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून मोठा टॅब घेण्याची चूक सहज होते, परंतु टॅब आजच्या हाताला बसणाराच हवा. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका यांच्या पहिल्या सांध्याजवळ दोरी धरल्याप्रमाणे बोटे वळवून पाहावीत. टोकांपुढे जे चामडे बरेच उरते, त्यावर खूण करून ते धारदार कात्रीने एका वेळी मिलिमीटरभरच कापावे आणि दर वेळी काही बाण सोडून पाहावेत. बोटांची टोके मात्र उघडी पडता कामा नयेत.

बाण घसरण्याचे कारण बहुधा निराळे आहे. पूर्ण ओढलेल्या दोरीचा कोन तीव्र होतो (लहान धनुष्यात तो अधिकच जाणवतो), त्यामुळे तर्जनी आणि मधले बोट नॉकला (बाणाच्या मागच्या टोकाच्या, दोरीत अडकणाऱ्या खाचेला) चिमटतात व बाण वळतो. टॅबवर या दोन बोटांमध्ये बसणारा स्पेसर (त्यांना वेगळे ठेवणारा छोटा तुकडा) असावा. तो फार जाड असल्यास बोटे ताणली जातात, म्हणून तिच्या हाताला बेताचाच निवडावा.

आपल्याकडील पावसाळ्यात चामडे फुगते, त्याला बुरशीही येते. सरावानंतर टॅब बंद पिशवीत न ठेवता सावलीत, वाऱ्यावर सुकवावा. त्याच मापाने कापलेला आणि वापरून मऊ झालेला दुसरा टॅब जवळ ठेवावा, असा माझा आग्रह आहे.